वेस, तिकटी आणि गल्ली : कोल्हापूरच्या राहत्या रस्त्यांवरील रहदारीचा इतिहास

कोल्हापूरच्या जुन्या भागातील रस्ते अंबाबाईच्या देवळाकडे पोचण्यासाठी झाले, शहर ओलांडून पलीकडे जाण्यासाठी झाले नाहीत. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, पद्माळा, रावणेश्वर आणि रंकाळा या सहा वस्त्या वाढत वाढत एकमेकींत मिसळल्या आणि त्यांचे शहर झाले, असे परंपरेने सांगितले जाते. प्रत्येक वस्तीची वाट देवळाकडे जात होती. वाटेत तळी होती आणि तळ्यांना वळसा घालावा लागत होता. म्हणून या भागात सरळ रस्ता क्वचितच सापडतो आणि चौकांइतक्याच तिकट्या आढळतात. तीन वाटा मिळतात ती तिकटी. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, माळकर तिकटी ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. घरांच्या रांगांमधली गल्ली आणि दोन भिंतींमधला बोळ ही तिकटीच्या पुढची पायरी. बोळात बैलगाडी शिरत नसे आणि शिरावी अशी कोणाची अपेक्षाही नसे.

रहदारीचे सर्वांत जुने वळण धार्मिक विधीतून आले. नवरात्रातील अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर दुसऱ्या दिवशी देवीचा रथ निघतो. महाद्वार, गुजरी, भाऊसिंगजी रोड, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर आणि पुन्हा महाद्वार असा हा फेरा आहे. त्या वेळी या रस्त्यांवर दुसरी कोणतीही वाहतूक चालत नाही, दारांपुढे रांगोळ्या काढल्या जातात आणि रस्ता तिथे राहणाऱ्यांचा असतो. कोणत्या वेळी रस्ता कोणाचा, हे ठरवण्याची शिस्त शहराला या प्रथेने फार पूर्वी लावली.

वेशींच्या आतले शहर

अठराव्या शतकाच्या अखेरीस करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली. शहराभोवती तट, बुरूज आणि खंदक होते. आत शिरायचे ते वेशीतून. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, रविवार वेस, मंगळवार वेस आणि शनिवार वेस या वेशींची नावे पेठांच्या आणि पाणवठ्यांच्या नावांवरून पडली. वेस संरक्षणासाठी होती, पण रहदारीवर तिचा परिणाम थेट होता. बाहेरगावचा माल ठरावीक दारांतूनच आत येई, दार लागले की रात्रीची ये-जा थांबे आणि तटाआडच्या गल्ल्यांना परक्या गाड्यांचा उपद्रव होत नसे.

डिसेंबर १८५७ मध्ये करवीरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या वेळी बंडवाल्यांनी शहर ताब्यात घेऊन वेशी बंद केल्या. इंग्रजी फौजेने दरवाजा फोडून प्रवेश केला. या प्रसंगानंतर तटाचे लष्करी प्रयोजन संपले. पुढे तट हळूहळू नाहीसा झाला. बिंदू चौकातील तुरुंगाजवळचा बुरूज त्याची आठवण राखून आहे. हा चौक म्हणजे पूर्वीची रविवार वेस. १९४२ च्या लढ्यातील हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांच्या नावाने तो ओळखला जातो. ९ डिसेंबर १९५० रोजी इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभारले गेले आणि वेशीच्या जागी शहराचे सभास्थान तयार झाले. रहदारीच्या दृष्टीने मात्र वेस गेल्याने एक गोष्ट कायमची बदलली. बाहेरचा रस्ता आणि आतली गल्ली यांच्यामधला अडसर निघाला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

नगरपालिका, पूल आणि रेल्वे

१२ ऑक्टोबर १८५४ रोजी कोल्हापुरात नगरपालिका स्थापन झाली. रस्ता झाडणे, दिवाबत्ती, गटारे आणि रस्त्यावर पुढे आलेली बांधकामे ही कामे तिच्याकडे आली. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही नगरपालिकेप्रमाणे तिची मुख्य काळजी आरोग्याची होती. अरुंद गल्लीत हवा खेळत नाही आणि घाण साचते, म्हणून रस्ते रुंद करावेत, असा त्या काळचा विचार होता. गाडी भरधाव जाते ही तक्रार त्यानंतरची आहे.

१८७० च्या दशकात ब्रह्मपुरीजवळ पंचगंगेवर दगडी पूल बांधला गेला. विल्सन पूल म्हणून ओळखला जाणारा हा पूल पुढे शिवाजी पूल झाला. नावेने उतरणारी पन्हाळा आणि रत्नागिरीकडची वाहतूक आता चाकांवरून थेट शहरात येऊ लागली. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि स्टेशन शहराच्या पूर्वेला, तटापासून दूर झाले. शहराच्या एका टोकाला पूल आणि दुसऱ्या टोकाला स्टेशन, अशी रचना झाली. कोकणातून येणारा माल स्टेशनावर न्यायचा तर शहर ओलांडणे भाग पडले. तोरस्कर चौक, जुना बुधवार पेठ, सीपीआर रुग्णालय, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टेशन आणि कावळा नाका हा आजचा गजबजलेला पट्टा याच गरजेतून तयार झाला. जुना बुधवार ही तालमींची, दाट घरवस्तीची पेठ आहे. तिच्या दारावरून आंतरजिल्हा वाहतूक जाऊ लागली, ती अशी.

आखलेल्या पेठा

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशन आणि जुने शहर यांच्यामध्ये शाहूपुरी वसवली. गुळाचा व्यापार हा या पेठेचा पाया होता. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या बैलगाड्या जुन्या पेठांत न शिरता रेल्वेजवळच थांबाव्यात, तिथेच सौदे व्हावेत आणि तिथूनच माल रवाना व्हावा, अशी ही सोय होती. अवजड वाहतुकीला घरवस्तीबाहेर जागा करून देणे हा राहत्या गल्ल्यांवरचा भार कमी करण्याचा सर्वांत टिकाऊ मार्ग असतो. शाहूपुरीने तो मार्ग मोटारीचे युग येण्याच्या आधीच दाखवला. व्हीनस कॉर्नरजवळच्या ‘गाडी अड्डा’ या नावात बैलगाड्यांचा तो तळ शिल्लक आहे. आता तिथे मोटारी लावल्या जातात.

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी या नव्या वसाहती आकाराला आल्या. राजारामपुरीत एक रुंद मुख्य रस्ता आणि त्याला काटकोनात मिळणाऱ्या क्रमांकाच्या गल्ल्या अशी आखणी झाली. पहिली गल्ली, सातवी गल्ली, बारावी गल्ली असे पत्ते कोल्हापूरकरांना यामुळेच तोंडपाठ असतात. दुकाने मुख्य रस्त्यावर, घरे गल्लीत, असा या आखणीचा हेतू होता. मात्र काटकोनी आखणीचा एक तोटा पुढे दिसला. जुन्या पेठेतील वाकडी गल्ली अनोळखी वाहनचालकाला आपोआप परतवते. सरळ आणि दोन्ही टोकांना खुली गल्ली मात्र मुख्य रस्त्याला पर्याय ठरते. मुख्य रस्ता तुंबला की वाहने शेजारच्या गल्लीत वळतात आणि ती मोकळी दिसल्यामुळे वेगही वाढवतात.

याच सुमारास मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा, १९१५ चा, लागू झाला होता. त्या काळात भारतात काम करणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस सांगत होते की, जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापणे हा उपाय नव्हे. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून लहान चौक मोकळे करावेत आणि गल्लीचे वळण तसेच ठेवावे, हा त्यांचा आग्रह होता. कोल्हापुरात बिनखांबी गणेश मंदिर ते पापाची तिकटी हा महाद्वार रोडचा पट्टा पाहिला की या मताचे मोल कळते. देवळाच्या पश्चिम दारासमोरचा हा रस्ता शहराची मुख्य बाजारपेठ झाला, दोन्ही बाजूंची घरे वर चढली आणि गर्दी रस्त्यावर मावेनाशी झाली. घरांची ही उंची मावळतीच्या किरणांनाही आड येऊ लागली. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधिकाळात सूर्यकिरण महाद्वारातून येऊन देवीच्या मूर्तीवर पडतात. या किरणोत्सवाचा मार्ग मोकळा राहावा म्हणून बांधकामांचे अडथळे हटवण्याचा प्रश्न शहरात वारंवार येतो. रस्त्याची रुंदी, घराची उंची आणि रस्त्याचा वापर हे तीन प्रश्न एकच आहेत, हे या रस्त्यावर स्पष्ट दिसते.

मोटार गल्लीत आली

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६२ मध्ये आजची महापालिका परिवहन, म्हणजे शहराची लाडकी केएमटी ही बससेवा, आणि शिवाजी विद्यापीठ अशा दोन्ही गोष्टी सुरू झाल्या. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. साखर, दूध, फाउंड्री आणि सहकारी बँकांमधून जिल्ह्यात पैसा खेळू लागला आणि सायकलीचे शहर बघता बघता दुचाकीचे झाले. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या ५४ हजारांच्या घरात होती, ती २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांजवळ पोचली. महापालिकेचे क्षेत्र मात्र ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिले. हद्दवाढीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. हद्दीबाहेर वाढलेल्या उपनगरांतील माणसे रोज शहरात येतात, पण त्यांच्या रस्त्यांची आणि पार्किंगची आखणी शहरासोबत होत नाही.

जुन्या पेठेतील घरात वाहनासाठी जागा नव्हती. जोत्याला लागून रस्ता, ओट्यावर बसायची जागा आणि समोर मुलांचे खेळणे, अशी गल्लीची घडण होती. पहिली स्कूटर ओट्याशेजारी उभी राहिली, तेव्हा कोणाला अडचण वाटली नाही. घरटी दोन-तीन दुचाकी आणि एक मोटार झाली, तेव्हा गल्लीची निम्मी रुंदी उभ्या वाहनांनी घेतली. गाडी हलवण्यावरून शेजाऱ्यांत बोलाचाली होऊ लागल्या. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी आत न येणे ही त्याहून गंभीर बाब ठरली. त्यातच गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबे आणि गावोगावच्या वडापचे, म्हणजे खासगी प्रवासी गाड्यांचे, थांबे झाले. गळीत हंगामात कसबा बावड्याच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांची भर पडली. सणावारी आणि सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या बाहेरगावच्या मोटारी देवळाजवळच्या गल्ल्यांत लागू लागल्या.

हे आवरण्यासाठी प्रशासनाच्या हाती दोन मुख्य साधने आहेत. मोटार वाहन कायदा, आधी १९३९ चा आणि आता १९८८ चा, ठरावीक रस्त्यांवर ठरावीक वाहनांना बंदी घालण्याचा आणि वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार देतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, रस्त्यावरील वाहतूक आणि मिरवणुका यांचे नियमन पोलिसांकडे दिले. एकेरी मार्ग, अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी, सम-विषम तारखेचे पार्किंग, नवरात्रात आणि गणेशोत्सवात देवळाभोवती चारचाकींना मज्जाव हे सारे त्यातूनच येते. रस्ता बांधणे आणि दुरुस्त करणे महापालिकेकडे, वाहने अडवणे पोलिसांकडे आणि वाहनांची नोंदणी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, अशी ही वाटणी आहे. नागरिकाची तक्रार मात्र एकच असते आणि ती या तिन्ही दारांत फिरते.

नाका आणि टोल

वेस गेली तरी तिचे आर्थिक रूप नाक्याच्या नावाने उरले. जकात वसूल करणारे नाके शहराच्या तोंडांवर होते. कावळा नाका, फुलेवाडी नाका, शाहू नाका ही नावे तशीच टिकली. जकात गेली, पण काही वर्षांतच शहराच्या तोंडांवर नव्या प्रकारचा नाका उभा राहिला. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाखाली ४९.४९ किलोमीटर रस्ते खासगी कंपनीमार्फत बांधायचे आणि खर्चाच्या वसुलीसाठी ३० वर्षे टोल घ्यायचा, असा करार २००८ मध्ये झाला. प्रकल्पाचा खर्च २२० कोटी रुपये धरला होता. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी टोल हा विचारच कोल्हापूरकरांनी नाकारला. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे नेते पुढे होते, पक्षभेद बाजूला ठेवून कृती समिती झाली आणि तालमी व पेठा हजारोंच्या मोर्च्यांत उतरल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने टोलनाके जाळले. मोर्चे, न्यायालयीन लढाई आणि वाटाघाटी यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करण्याची घोषणा झाली.

हा लढा पैशांचा होता, तसाच तो रस्ता कोणाचा या प्रश्नाचाही होता. रुंद काँक्रीटचे रस्ते आले, पण गटारे, पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा यांकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. रुंद रस्त्यावर वाहनांचा वेग वाढला आणि त्या रस्त्याला मिळणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी धोका वाढला. मुख्य रस्ता सुधारताना त्याला लागून असलेल्या घरवस्तीचा विचार त्याच आराखड्यात व्हायला हवा, हा धडा या प्रकल्पाने महागात शिकवला.

शिवाजी पुलाचा प्रश्न याहून वेदनादायक ठरला. पर्यायी पुलाचे काम ब्रह्मपुरी या संरक्षित पुरातत्त्वीय स्थळाच्या सान्निध्यामुळे अनेक वर्षे अडले. जानेवारी २०१८ मध्ये एक मिनीबस जुन्या पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१९ मध्ये पर्यायी पूल वाहतुकीला खुला झाला. बैलगाडीच्या काळातील मार्गावर महामार्गाचा भार टाकला की काय होते, याची ही सर्वांत मोठी किंमत होती.

तालमीपासून गतिरोधकापर्यंत

कोल्हापूरच्या पेठांत महापालिकेच्या खालोखाल वजन असते ते तालमीचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, गंगावेश, फिरंगाई अशा तालमी कुस्ती आणि फुटबॉलसाठी ओळखल्या जातात, पण गल्लीचा कारभारही त्यांच्या कट्ट्यावर चालतो. मिरवणुकीत वाहने कोठून वळवायची, लग्नाचा मांडव किती रस्ता घेणार, शाळा सुटण्याच्या वेळी टेम्पो आत येऊ द्यायचा का, असे प्रश्न पोलिसांपर्यंत जाण्याआधी इथे मिटतात. ही व्यवस्था कागदावर नाही, तरी माणसे तिला मानतात. तिची मर्यादाही आहे. ओळखीच्या माणसाला समज देता येते, पण गल्लीतून वाट काढत जाणारा अनोळखी वाहनचालक तिच्या कक्षेत येत नाही.

या अनोळखी वाहनासाठी गल्लीने शोधलेला उपाय म्हणजे गतिरोधक. अपघात झाला की रहिवासी रातोरात सिमेंटचा किंवा मुरमाचा उंचवटा टाकतात. त्यामागची आईबापांची काळजी खरी असते, पण उंचवटा चुकीचा असेल तर दुचाकी घसरते, गरोदर स्त्रीला आणि वृद्धाला धक्के बसतात, पावसाचे पाणी अडते. भारतीय रस्ते परिषदेने १९८८ मध्ये गतिरोधकाचे माप ठरवून दिले होते. सर्वसाधारण वाहतुकीसाठी रुंदी ३.७ मीटर, मध्यावरची उंची १० सेंटिमीटर आणि कमानीसारखा सलग उतार. असा गतिरोधक ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला त्रास देत नाही, त्याहून वेगाने जाणाऱ्याला मात्र हळू व्हावेच लागते. गतिरोधकाच्या आधी सूचनाफलक आणि त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असणे आवश्यक असते. त्या मापात न बसणारा उंचवटा वाहनाला अडवतो, पण सुरक्षितता देत नाही.

जगात इतरत्रही राहत्या रस्त्यांचा विचार याच क्रमाने पुढे गेला. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन बुकॅनन यांच्या अहवालाने शहराचे दोन भाग कल्पिले : वाहनांनी वाहते राहावे असे मुख्य रस्ते आणि त्यांच्यामध्ये आरपार वाहतुकीला बंद अशा राहत्या वस्त्या. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी आणि नगरपालिकेने गल्लीतच झाडे, बाके आणि वळणे आणून गाडीला माणसाच्या चालीवर आणले. १९७६ मध्ये अशा रस्त्यांना तिथे कायद्याचे रूप मिळाले. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटर ही कमाल मर्यादा असावी, असा आग्रह धरला गेला. कोल्हापूरच्या वाकड्या गल्ल्या, तिकट्या आणि ओटे हे काम विनाखर्च करत होते. डेल्फ्टने जे मुद्दाम घडवले, ते जुन्या पेठांत आधीच होते.

कोल्हापूरला सर्व बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. पन्हाळा-रत्नागिरी, गगनबावडा, राधानगरी, गारगोटी, कागल, सांगली आणि पुणे या दिशांची वाहतूक चाकाच्या आऱ्यांप्रमाणे शहरात शिरते. पुणे-बंगळूर महामार्ग पूर्वेकडून बाहेरून गेल्यामुळे त्या बाजूचा भार हलका झाला. फुलेवाडी रिंग रोडसारखे बाह्य मार्ग आखले गेले, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना वस्ती होऊन तेही राहते रस्ते बनू लागले. रत्नागिरी-नागपूर महामार्ग शहराबाहेरून वळवल्याने जुना बुधवार आणि सीपीआर पट्ट्यातून कोकणची अवजड वाहतूक कमी होण्याची शक्यता आहे. त्यासाठी बाह्यमार्ग झाल्यावर शहरातून आरपार जाण्यास बंदीही घालावी लागेल आणि त्या बाह्यमार्गाला थेट घरांची दारे लागू नयेत, हेही पाहावे लागेल.

वेशीचे दार, शाहूपुरीचा गाडी अड्डा, राजारामपुरीची मुख्य रस्ता आणि गल्ली ही विभागणी, अष्टमीच्या रात्रीचा मोकळा फेरा आणि तालमीचा शब्द, या पाच गोष्टींत कोल्हापूरने राहत्या रस्त्यांचे बहुतेक उपाय आपल्याच इतिहासात करून पाहिले आहेत. अवजड वाहनाला वस्तीबाहेर थांबा देणे, आरपार जाणाऱ्याला गल्लीबाहेर ठेवणे, देवळाजवळ येणाऱ्या मोटारी पेठांच्या काठावरच अडवणे, मापात बसणारा गतिरोधक आणि पदपथ करणे, आणि गल्लीतील रहिवाशांना या निर्णयात हक्काचा वाटा देणे ही त्यांचीच आजची रूपे आहेत. ती तुकड्यातुकड्याने झाली तेव्हा एका गल्लीतली गर्दी शेजारच्या गल्लीत गेली. पेठेचा एकत्र विचार झाला, जसा १८९५ मध्ये झाला होता, तेव्हा तो उपाय कित्येक दशके टिकला.